शेवाळीआजीचा आवाज

गंगापूर रोड, नाशिक
२ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार लिहून ठेवते. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

फोन केला की तू तो सुनेच्या हातात देतेस. मग रोशनी बिचारी म्हणते, "मावशी, आई वावरात गेल्या." आणि मागून तुझा खोकला ऐकू येत असतो. म्हणून पत्र लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकलेली आहेस, हळू का होईना तुला वाचता येतं. सुनेकडून वाचून घेणार नाहीस हेही मला माहीत आहे.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. घरात टीव्ही दिवसभर चालू असतो. बघत नाही. कोणीतरी बोलत असावं म्हणून. हे गेल्यापासून ती सवयच लागली आहे. यांना टीव्हीचा आवाज सहन व्हायचा नाही, तेव्हा मी चोरून लावायची. आता कितीही मोठा लावला तरी कोणी ओरडत नाही.

लिहिण्यासारखं एक घडलं आहे. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये स्नेहल राहते, बँकेत आहे. तिची वेदिका पहिलीत. शाळा सुटली की आई येईपर्यंत वेदिका माझ्याकडे बसते. स्नेहलचा भाऊ रुद्र इथंच मागच्या गल्लीत आवाज रेकॉर्ड करायचा स्टुडिओ चालवतो. बाहेरच्या देशातला एक लहान मुलांचा कार्टून सिनेमा आहे, पऱ्यांचा. तो मराठीत करायचं काम त्याला मिळालं. त्यात एक म्हातारी परी आहे आणि तिला आवाज पाहिजे होता. स्नेहल म्हणाली, "आमच्या काकूंना विचार. त्यांनी एसटी स्टँडवर आयुष्यभर माईकवर गाड्या पुकारल्यात."

मी आधी नाहीच म्हटलं. म्हातारी असले तरी परी कुठे आहे! पण स्नेहल हाताला धरूनच घेऊन गेली.

छोटीशी खोली, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं. दार लावलं की बाहेरच्या रिक्षासुद्धा ऐकू येत नाहीत. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर ती म्हातारी, आणि काचेपलीकडे रुद्र. तो म्हणाला, "काकू, तिचे ओठ हलतील तेवढ्यातच वाक्य बसवायचं." वाक्य होतं, "थांब बाळा, पुढे दलदल आहे." मी स्वच्छ, शुद्ध म्हणून दाखवलं.

रुद्र काचेतून हसत म्हणाला, "काकू, छान. पण गाडी सुटतेय असं वाटतंय."

मलाही हसू आलं. परत म्हटलं, परत तेच. शेवटी जमलं. कसं जमलं ते सांगत बसत नाही. आवाज जरा बदलला, एवढंच.

अमितचा फोन दर रविवारी येतो. कॅनडात अजून बर्फ आहे म्हणे. दिवाळीला आईकडे नक्की येणार आहे म्हणतो.

तुझी,
वच्छी


२३ फेब्रुवारी

अक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी खालच्या पत्रपेटीत रोज डोकावते. त्यात विजेची बिलं आणि क्लासच्या जाहिराती.

रेकॉर्डिंग संपलं. तुला गोष्ट सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल.

झुमी नावाची अंगठ्याएवढी परी आहे. तिच्या गावातले सगळे काजवे एका सकाळी विझलेले असतात. त्यांचा उजेड धुक्याच्या दारापलीकडे अडकलाय, तो आणायला ही एकटी निघते. वाटेत दलदल लागते. तिथे एका झाडाच्या मुळाखाली शेवाळी नावाची म्हातारी परी राहते. तिचे पंख गळून गेलेले आहेत. बाकीच्या पऱ्या उंच झाडांवर राहायला गेल्या, हिला उडता येईना म्हणून ही खालीच राहिली. अंगावर शेवाळ चढलंय. झुमीला बघितल्या बघितल्या शेवाळी तिच्यावर खेकसते. मग खाऊ घालते. आणि मग तिनं जाऊ नये म्हणून तिचा कंदील लपवून ठेवते. झुमी सगळीकडे कंदील शोधते आणि शेवाळीही तिच्याबरोबर शोधायचं नाटक करते. शेवटी तिला राहवत नाही. कंदील आणून देते आणि म्हणते, "घे. मीच लपवला होता."

त्या एका वाक्यासाठी रुद्रनं माझा घाम काढला.

मागच्या पत्रात एक सांगायचं टाळलं होतं. आवाज कसा जमला ते. माझा कुठलाच आवाज त्या म्हातारीच्या तोंडात बसेना. रुद्र म्हणाला, "काकू, असं कोणी आठवा जे रागावतं पण जेवायला वाढतं." अक्का, मला आठवायला काही लागलंच नाही. पडद्यावर झुमी चिखलाकडे निघाली आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, "ये वो माय! कथी जाई राहिनी तू? पुढं गारा शे!"

अहिराणी. तुझी अहिराणी, चिखलाला गारा म्हणणारी. नाशकात येऊन इतकी वर्षं झाली, मी ती तोंडातून कधी बाहेर पडू दिली नव्हती. आणि आवाजही तुझाच, तो घशात बारीक खडा अडकल्यासारखा. मी दचकून मागं वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. भिंतीच्या गाद्या.

रुद्र तर उड्याच मारायला लागला. "काकू, हे काय होतं? हेच पाहिजे!" मग आम्ही सगळी वाक्यं पुन्हा बसवली. मुलांना कळावं म्हणून शब्द मराठीच ठेवले, पण 'आहे'च्या जागी 'शे' ठेवला, 'वो माय' ठेवलं आणि तुझी लय ठेवली. तू बकरीला ओरडतेस ती, आणि नातवाला ताटावर बसवतेस तीसुद्धा.

म्हणजे सिनेमात मी नाही, तू आहेस. तुला न विचारता केलं. आवडलं नसेल तर कळव. राग आला असेल तरी कळव.

वच्छी


१३ एप्रिल

अक्का,

तुमच्याकडे कांदा काढायची धांदल असेल. ऊन इथंही फार आहे. या दिवसांत तू डोक्याला ओला पंचा बांधून शेतात जायचीस. अजून जातेस का? रोशनीला जाऊ दे. तू सावलीत बसून नुसती ओरडलीस तरी काम होईल.

सिनेमा नऊ मेला लागतो आहे. 'झुमी आणि धुक्याचं दार' असं नाव ठेवलंय. सोसायटीतल्या सगळ्यांना कळलं आहे. म्हणजे मीच सांगितलं. आधी भाजीवालीला सांगितलं, मग वॉचमनला, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी काही विचारलेलं नसताना. वेदिका तर शाळेत सांगून आली, "माझ्या समोरची आजी परी आहे." सगळी मुलं अकरा तारखेला मिळून जाणार आहेत, मलाही न्यायचं ठरलंय. मी मोरपंखी साडी काढून ठेवली आहे. सटाण्याला किंवा मालेगावला लागला तर तूही बघ. लागेलच असं नाही.

अमितनं काही फोटो पाठवलेत. इथंच, धरणाच्या बाजूला, ज्येष्ठ नागरिकांसाठी नवी सोसायटी झाली आहे. झाडं आहेत, बाक आहेत, डॉक्टर चोवीस तास. जेवणाची खोली मोठी आहे, लग्नाच्या हॉलएवढी. तो म्हणाला, "आई, तिथं तुझ्या वयाची माणसं असतील. हा फ्लॅट रिकामाच तर आहे." मी म्हटलं, "रिकामा कसा? मी आहे ना." तो हसला. "तसं नाही गं. आवडलं का सांग." मी म्हटलं, फोटो चांगले आलेत.

दिवाळीचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही.

तुला आठवत असेल, मलाही सारखं आठवतं. यांच्या तेराव्याला पंगत बसली होती. अमित आदल्याच दिवशी परत गेला होता, सुट्टी नव्हती त्याला. तू वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हणालीस, "अमित आते येवाव नही, वच्छे. चाल मनासंगे नामपूरले." आणि मी म्हटलं, "तू तुझ्या घरी जा." तू हातातलं भांडं खाली ठेवलंस, पिशवी भरलीस आणि दुपारच्या गाडीनं गेलीस. दोन वर्षं झाली त्याला. मी तुला थांबवलं नाही, कारण मला फार राग आला होता. अजूनही कधीकधी येतो. पण संध्याकाळी सातच्या सुमारास, समोर स्नेहल येते, वेदिका उडी मारून पळते आणि त्यांचं दार लागतं, तेव्हा राग कुठे जातो कळत नाही. मग मी टीव्ही मोठा करते.

वच्छी


१२ मे

अक्का,

काल सिनेमा बघितला. छान आहे. रंग फार सुंदर आहेत. मुलं खूष होती. शेवटी सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे बघून. स्नेहलनं पॉपकॉर्न घेतलं होतं, ते माझ्या दाताखाली अडकलं.

साडीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

आणखी काय लिहू? ऊन फार आहे. जपून राहा.

वच्छी


१९ मे

अक्का,

मागचं पत्र पोस्टात टाकलं आणि घरी येईपर्यंतच वाटायला लागलं की ते परत काढून घ्यावं. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं, पण खरी गोष्ट त्यात नव्हती.

थिएटरमध्ये आमची अख्खी रांग होती. मुलं, दोघातिघांच्या आया आणि मधोमध मी, लग्नाला आल्यासारखी. वेदिका माझ्या शेजारी. दलदल आली. पडद्यावर हिरवट अंधार झाला, आणि अक्का, सगळी मुलं पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली. मी पाठ ताठ केली.

शेवाळी बाहेर आली आणि म्हणाली, "थांब बाळा, पुढे दलदल आहे."

माझा आवाज नव्हता. कुणा दुसऱ्या बाईचा होता. मऊ, गोड, शुद्ध. तरुण बाईनं म्हातारीचा काढावा तसा थरथरता. 'शे' नाही, 'वो माय' नाही. मला वाटलं, पहिल्याच वाक्याला काही चूक झाली असेल, पुढचं माझं असेल. पुढचंही नव्हतं. एकही नव्हतं.

मागच्या मुलानं विचारलं, "आजी, हा तुमचा आवाज आहे?"

मी म्हटलं, "हो. मोठ्या पडद्यावर जरा वेगळा ऐकू येतो."

त्यांना पटलं. वेदिकानं मात्र माझं बोट धरलं आणि सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही. पॉपकॉर्नसुद्धा डाव्या हातानं खाल्लं. शेवटी नावं वर सरकायला लागली, कोणीतरी म्हणालं, "आता आजींचं नाव येईल," आणि सगळ्यांनी टाळ्या सुरू केल्या. नाव नव्हतंच. टाळ्या मात्र थांबेनात. मी उठून हात जोडले. आणखी काय करणार होते?

जिन्यावरून उतरताना वेदिका कानात म्हणाली, "आजी, कंदील तू लपवला होतास. त्या बाईनं नाही."

दुसऱ्या दिवशी तुला ते पत्र लिहिलं. त्यानंतर रुद्रला फोन केला. तो आधी उचलेना. मग संध्याकाळी स्वतः दारात आला. बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "काकू, मी सांगणारच होतो. रोज सांगायचं म्हणत होतो. काम देणाऱ्या मुंबईच्या लोकांनी ऐकलं, त्यांना चाललं नाही. टीव्हीवरच्या एका बाईंकडून परत करून घेतलं. नाव मोठं आहे, पोस्टरवर घालता येतं."

"माझं काय चुकलं होतं?" मी विचारलं.

"तुमचं नाही काही. ते म्हणाले, भाषा कळणार नाही. आजी गावंढळ वाटते."

"तुला वाटली?"

"नाही हो काकू. मला ती माझ्या ओळखीची वाटली."

बिचाऱ्याचे डोळे भरले होते. मी त्याला पाणी दिलं. रागवायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. तो गेल्यावर मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले आणि चांगली रडले. टीव्ही चालू होता, त्यामुळे कोणाला कळलं नसेल. माझा आवाज काढून टाकला असता तर मी ते सोसलं असतं. स्टँडवरून निवृत्त झाले तेव्हाही माझ्या जागी दुसरी मुलगी बसलीच की. पण हा तुझा होता. तू वाढलेलं ताट कोणीतरी बाजूला सारावं तसं झालं. गावंढळ म्हणे! त्या पडद्यावरची ती शेवाळी तुझ्या तोंडची होती तेव्हा जिवंत होती, अक्का. आता नुसतं चित्र आहे.

काल रविवार. अमितचा फोन आला. "काय आई, ऐकला का स्वतःचा आवाज?" मी सांगितलं त्याला. तो म्हणाला, "जाऊ दे गं, मनाला लावून घेऊ नकोस. छोटी गोष्ट आहे." आणि लगेच, "बरं ऐक, येत्या रविवारी एजंट फ्लॅट बघायला माणसं घेऊन येईल."

मी म्हटलं, "पाठवू नकोस."

"आई, आपलं ठरलंय ना?"

"तू ठरवलंयस. मी फोटो चांगले आलेत म्हणाले होते."

"मग एकटी किती दिवस राहणार तिथे?"

"माहीत नाही. पण दारावर कोणी आलं तर मी उघडणार नाही."

तो रागावला नाही, थकल्यासारखा झाला. मी विचारलं, "दिवाळीला येतोयस का?" म्हणाला, "या वर्षी अवघड आहे, आई."

तेराव्याला तू म्हणालीस ते खरं झालं, तो येत नाही. तुला सांगावं असं दुसरं कोणी नाही म्हणून तुलाच सांगते आहे. इथं संध्याकाळ झाली आहे, समोरचं दार आत्ताच लागलं.

वच्छी


नामपूर
२४ मे

वच्छे,

तुझी सगळी पत्रं मिळाली. अक्षर फार बारीक काढतेस. पहिलं वाचायला मला दोन दिवस लागले, उन्हात धरून वाचलं.

मी शाळेच्या भाषेत लिहिते आहे. आपल्या बोलीत लिहिलं आणि तुझ्या शेजारणीनं वाचलं तर तुझी पंचाईत नको. हे रागानं लिहिलं आहे. खोडत नाही.

उत्तर दिलं नाही कारण कांदा चाळीत भरायचा होता. आणि द्यायचं मनातही नव्हतं. दोन्ही खरं आहे.

माझा आवाज घेतल्याचं तू लिहिलंस त्या दिवशी मी रोशनीला विचारलं, मी बकरीला कशी ओरडते? ती म्हणे, आई, बकरीला आणि आम्हाला सारखंच. मग दिवसभर मी हळू बोलले. दुसऱ्या दिवशी विसरले.

आता ऐक. तुझं बारकं पत्र आलं, सिनेमा छान आहे, पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून. ते मी गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमची बायांची त्र्यंबकला जायची गाडी ठरलेली होती, मागच्या शनिवारची. मी म्हटलं, देव कुठं पळून जात नाही, सिनेमा उतरला तर पुन्हा लागायचा नाही. देवाला उभ्या उभ्या हात जोडले आणि गाडी नाशकात टॉकीजला घेतली. डोक्यावर पदर घेतलेल्या आम्ही एवढ्या बाया, सोबत एक पोर नाही. दारावरचा माणूस म्हणे, मावशी, हा पऱ्यांचा सिनेमा आहे. ठमाबाई म्हणे, माहीत आहे, आमच्या गावच्या परीचा आहे.

आत गारठा फार. ती चिखलातली म्हातारी आली आणि सगळ्या बाया वाकून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हातारीनं तोंड उघडलं आणि मला पहिल्याच शब्दाला कळलं, ही तू नाहीस. मी पण नाही. त्या आवाजाला कधी ऊन लागलेलं नव्हतं. पण बाया बघत होत्या. मी म्हटलं, "हाऊच. मनी बहीनना आवाज शे."

ठमाबाई म्हणे, मग इतकी पुण्यासारखी का बोलस?

मी म्हटलं, "शिकेल शे ती."

बाहेर आल्यावर मी ड्रायव्हरला गंगापूर रोडनं गाडी घ्यायला लावली. तुझ्या बिल्डिंगखाली उभी केली. गॅलरीत तुझी मोरपंखी साडी वाळत होती. बाया म्हणाल्या, चला, बहिणीकडे चहा घेऊ. माझा पाय उचलला नाही, वच्छे. मी म्हटलं, ती घरी नाही, शूटिंगला गेली आहे. वर टीव्हीचा आवाज येत होता. बायांनी ऐकला असेल, पण मुकाट गाडीत जाऊन बसल्या.

वाटेत सगळ्या झोपल्या. मी जागी होते. मला वाटलं तू माझी थट्टा केलीस. आवाज दिला म्हणून खोटंच लिहिलंस आणि वर मला त्यात ओढलंस. घरी आल्यावर तुझी पत्रं पेटीत खाली घातली, वर गोधड्या टाकल्या. पुन्हा हिला काही लिहायचं नाही असं ठरवलं.

परवा तुझं मोठं पत्र आलं. चुलीजवळ बसून वाचलं. भाकरी करपली.

माझा आवाज त्यांनी काढला म्हणून तू रडू नकोस. माझा आवाज इथंच आहे, गल्लीला रोज ऐकू येतो, लोक कंटाळलेत. तू पोरांना खोटं सांगितलंस, मी बायांना सांगितलं. झालं. आपल्याला विचारायला कोणी येत नाही.

अमितचं मी बोलले ते बोलायला नको होतं. खरं होतं म्हणून काय झालं? पंगत बसलेली होती, तुझं कुंकू जाऊन तेरा दिवस झाले होते. ते घरात, दोघीच असताना बोलायचं होतं, किंवा नव्हतंच बोलायचं. घर ठेव, नाहीतर विक, तू बघ. मी एक शब्द बोलणार नाही. एकदा बोलले तर दोन वर्षं गेली.

तू नामपूरला येणार नाहीस हे मला माहीत आहे. तुला तुझं घर पाहिजे. असू दे. बकऱ्यांचं रोशनी बघेल म्हणते. मी येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघते. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, मला रिक्षा कळते. टीव्ही बंद ठेव.

दोन दिवस राहीन. जास्त राहा म्हणून आग्रह करू नकोस, भांडण होईल. आणि आग्रह केलाच नाहीस तर त्याहून मोठं होईल.

चंद्रभागा